शिकण्याचा तास कुणाच्या खात्यावर? : कामाच्या वेळेतल्या शिक्षणाचा इतिहास



आजचा विषय कागदावर अगदी साधा दिसतो. नोकरी-धंदा करताना माणसानं आपल्या कामातलं नवं ज्ञान नियमितपणे मिळवायचं, तर वेळ कुठून आणायचा? हा विषय काढला की लगेच सल्ले सुरू होतात. पहाटे उठा. मोबाइल बाजूला ठेवा. रोज अर्धा तास वाचा. सल्ले वाईट नाहीत, आम्हीही आयुष्यभर विद्यार्थ्यांना तेच देत आलो. पण या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. शिकण्याचा वेळ शिकणाऱ्याच्या खिशातून जायचा. त्याच्या झोपेतून, सुट्टीतून, घरच्यांच्या वाट्याच्या संध्याकाळीतून. शिकण्याचा फायदा कामाला होणार, आणि वेळेचा खर्च मात्र माणसाच्या खात्यावर पडणार.

हे गृहीत आलं कुठून? ते कुणी मोडायचा प्रयत्न केला का? केला असेल तर काय झालं? आज आपण एवढंच बघणार आहोत. आणि हे नुसतं जुन्या काळाचं कुतूहल नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण हे व्याख्यान रात्री दहानंतर, दिवसभराचं काम उरकून ऐकत असणार.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इतिहासावर बोलायला बसवलं की तो आधी शब्दांपाशी घुटमळतो. आम्हीही थोडं घुटमळतो.

'स्कूल' या इंग्रजी शब्दाचं मूळ ग्रीक भाषेतल्या 'स्खोले' या शब्दात आहे, आणि 'स्खोले' म्हणजे फुरसत. पोटापाण्याच्या धावपळीतून मोकळा झालेला वेळ. ॲरिस्टॉटलनं या फुरसतीला फार वरचं स्थान दिलं. तिच्याशिवाय ज्ञान नाही, असंच त्याचं म्हणणं. पण अथेन्समधल्या नागरिकाला ही फुरसत मिळाली कशी? शेतात, खाणीत आणि घरात गुलाम राबत होते म्हणून. एकाची शाळा दुसऱ्याच्या श्रमावर उभी होती.

आता आपल्याकडचा शब्द घ्या, 'अनध्याय'. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत अनध्यायाचे दिवस सांगितलेत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या. अवेळी मेघ गडगडले तरी अनध्याय. त्या दिवशी वेदाध्ययन बंद. यातली गंमत लक्षात घ्या. इथे सुट्टी कशाला दिलीय, तर अध्ययनाला. म्हणजे एरवी रोज अध्ययन चालणारच, हे धरून चाललेलं आहे. पण रोज कुणाचं? ज्याला अधिकार होता, त्याचं. जो नांगर धरत होता, जो चामडं कमावत होता, त्याच्या पंचांगात अनध्याय नव्हता, कारण अध्यायच नव्हता.

मग हे लोक काही शिकतच नव्हते का? भरपूर शिकत होते. कुंभाराचं पोर चाकाशेजारीच वाढायचं, सुताराचं पोर रंध्याच्या आवाजात. बघता बघता हात बसायचा. शिकण्याचा वेळ आणि कामाचा वेळ यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती भिंत घातली कारखान्यानं. यंत्रावर उभा राहिलेला माणूस काम करू लागला, पण ते यंत्र का चालतं हे त्याला कळेनासं झालं. कळण्याची जागा वेगळी झाली आणि राबण्याची जागा वेगळी. आपली गोष्ट खरी सुरू होते ती इथून.

सन १७९९. ग्लासगोमधल्या अँडरसन संस्थेत जॉर्ज बर्कबेक हा तरुण डॉक्टर भौतिकशास्त्र शिकवायला आला. त्याला प्रयोगासाठी एक उपकरण बनवून घ्यायचं होतं. ते बनवणारे कारागीर त्याच्याभोवती जमायचे आणि विचारायचे, हे कशासाठी? हे असं का? बर्कबेकच्या लक्षात आलं, की ज्यांचे हात हे सगळं घडवतात, त्यांना त्यामागचं शास्त्र सांगायला कुणीच बसलेलं नाही. त्यानं १८०० साली कारागिरांसाठी शनिवारी संध्याकाळी मोफत व्याख्यानं सुरू केली. पहिल्या व्याख्यानाला पाऊणशे माणसं होती, चौथ्याला पाचशे झाली असं सांगतात. पुढे बर्कबेक लंडनला गेला. १८२३ साली ग्लासगोत आणि लंडनमध्ये 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' निघाल्या, आणि मग ती लाटच आली. १८५० च्या सुमाराला एकट्या इंग्लंडात अशा सहाशेच्या आसपास संस्था होत्या. वाचनालय, व्याख्यानं, यंत्रांचे नमुने, चित्रकलेचे वर्ग, सगळं काही.

पण त्याच काळातल्या लोकांनी एक तक्रार नोंदवून ठेवलीय. ज्यांच्यासाठी संस्था काढली, ते कारागीर हळूहळू दिसेनासे झाले आणि त्यांच्या खुर्च्यांवर कारकून आणि दुकानदार येऊन बसले. का? कामगारांना ज्ञानाची आवड नव्हती, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना आम्ही विचारू, मग शनिवारच्या संध्याकाळी पाचशे माणसं कशाला जमली होती? खरं कारण घड्याळात होतं. बारा-बारा तास भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस रात्री आठ वाजता उष्णतेचे नियम ऐकायला बसतो, तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत त्याची मान खाली जाते. तो व्याख्यात्याचा दोष नाही आणि ऐकणाऱ्याचाही नाही. ज्ञानाचं दार उघडलं होतं, पण ते अशा वेळी, की आत जाणाऱ्याच्या पायांत बळच उरलं नव्हतं.

ही लाट मुंबईलाही पोहोचली. काळा घोडा भागात, जहांगीर कला दालनासमोर डेव्हिड ससून वाचनालयाची पिवळसर दगडाची इमारत आहे. तिच्याजवळून तुम्ही अनेकदा गेला असाल. या संस्थेचा जन्म १८४७ चा. सरकारी टांकसाळ आणि गोदी इथल्या तरुण मेकॅनिकांनी आणि फोरमननी एकत्र येऊन ती काढली. यंत्रांचे नमुने आणि पुस्तकं जमवायची, आपल्या धंद्याचं शास्त्र समजून घ्यायचं, हा हेतू. पुढे ससून कुटुंबाची देणगी मिळाली, १८७० मध्ये आजची इमारत उभी राहिली आणि संस्थेच्या नावात 'ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' असे शब्द आले. कालांतरानं नावातला मेकॅनिक गेला आणि वाचनालय राहिलं. वाचनालय उत्तमच आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण नावातून मेकॅनिक गळून पडणं, ही आम्हाला या सगळ्या चळवळीची गोष्ट एका ओळीत सांगितल्यासारखी वाटते.

आता १८४७ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांसाठी दहा तासांचा कायदा केला. एकीकडे शिकण्यासाठी संस्था निघत होत्या, दुसरीकडे कामाचे तास कमी करण्याची लढाई चालू होती. या दोन गोष्टी वेगवेगळ्या इतिहासांत शिकवल्या जातात, एक शिक्षणाच्या आणि दुसरी कामगार चळवळीच्या. आमचं म्हणणं असं, की ती एकच गोष्ट आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या महाराष्ट्रातच सापडतो. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. हजारो वर्षं अधिकार नाकारलेल्या माणसांना अध्ययनाचा अधिकार मिळाला, ही केवढी मोठी घटना! पण शाळा रात्रीची का काढावी लागली? कारण दिवस त्यांचा नव्हता. अधिकाराचा प्रश्न सुटू लागला, तेव्हा त्याच्यामागे दडलेला वेळेचा प्रश्न उघडा पडला.

आणि हा दुसरा प्रश्न हाती घेतला तो फुल्यांच्याच एका अनुयायानं. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु' चालवणारे. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या बघा. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर, जखमी झालेल्याला भरपाई. यात 'शिक्षण' हा शब्द नाही. पण रात्रशाळेत पेंगणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हवं होतं ते हेच. सहा वर्षं झगडा चालला आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. आज कुणी आपल्याला सांगतं, 'रविवारी एखादा कोर्स करून टाका ना', तेव्हा त्याच्या हे ध्यानात नसतं, की तो रविवार विश्रांतीसाठी मागून, लढून घेतलेला आहे.

कामाचे तास पुढेही टप्प्याटप्प्यानं कमी झाले. १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास झाले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत चोपन्न. आणि १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना मांडल्या गेलेल्या दुरुस्तीनं अठ्ठेचाळीस. ज्या माणसानं स्वतः ज्ञानासाठी जिवाचं रान केलं, त्याच्या हातून कामगाराचे सहा तास मोकळे झाले, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

आता तुम्ही म्हणाल, तास कमी झाले, वेळ मिळाला, प्रश्न संपला. तसं होत नाही. नुसता वेळ दिला की शिक्षण होतं का, याचा एक मोठा प्रयोग इंग्लंडात होऊन गेलाय. त्यासाठी आपल्याला जरा मागे जावं लागेल.

१८३३ चा ब्रिटिश कारखाना कायदा. कापड गिरणीत काम करणाऱ्या तेरा वर्षांखालच्या मुलांना रोज दोन तास शाळेत पाठवलंच पाहिजे, असं या कायद्यानं सांगितलं. कामाच्या दिवसातच शिकण्यासाठी ठरावीक तास राखून ठेवणारा हा फार महत्त्वाचा कायदा. त्यावर देखरेख करायला चार निरीक्षक नेमले. त्यांतल्या लिओनार्ड हॉर्नर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय बघितलं? मुलं शाळेत गेल्याचे दाखले व्यवस्थित आहेत, पण त्या दाखल्यांवर मास्तरांच्या सहीच्या जागी फुली आहे. कारण मास्तरांनाच लिहिता येत नाही! शेवटी १८४४ च्या कायद्यात असं लिहावं लागलं, की मास्तरानं दाखला स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा आणि खाली आपलं पूर्ण नाव स्वतः लिहावं. विचार करा, शिकवणाऱ्याला सही आली पाहिजे, हे कायद्यात घालावं लागलं.

इथे हसू येतं, पण ते जपून. कारण फुलीचा दाखला हा काही एकोणिसाव्या शतकात संपलेला प्रकार नाही. त्याकडे आपण परत येऊ.

वेळ आणि शिकवणारा या दोन्ही गोष्टी जुळल्या तरी तिसरी गोष्ट लागते. ती म्हणजे कामाशी नातं. ते कुणी जुळवलं? जर्मनीतल्या म्युनिक शहराचे शिक्षणप्रमुख गेऑर्ग केर्शेनश्टायनर यांनी. ते १८९५ मध्ये या पदावर आले. शाळा सोडून उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी तिथे पुरवणी वर्ग होते, पण ते संध्याकाळी किंवा रविवारी भरायचे, आणि शिकवायचं काय, तर प्राथमिक शाळेतलंच पुन्हा एकदा. मुलं कंटाळलेली, दमलेली. १९०० पासून केर्शेनश्टायनर यांनी दोन बदल केले. वर्ग धंद्यानुसार पाडले. पाववाल्यांचा वेगळा, सुतारांचा वेगळा, धुराडी साफ करणाऱ्यांचासुद्धा वेगळा. प्रत्येकाचं गणित, चित्रकला, वाचन त्याच्या धंद्यातून सुरू व्हायचं आणि नागरिकशास्त्रापर्यंत जायचं. दुसरा बदल म्हणजे हे वर्ग कामाच्या दिवसात, दिवसाउजेडी आणले. मालकानं मुलाला त्या तासांपुरतं सोडलंच पाहिजे.

मालक चिडले, हे सांगायला नको. 'मुलगा शाळेत, मग माझं काम कोण करणार?' पण आपल्याच धंद्याची हत्यारं, आपलाच माल त्या वर्गात दिसू लागला, तेव्हा धंद्यांच्या संघटना हळूहळू बाजूला वळल्या, मदतही करू लागल्या. जर्मनीत आजही उमेदवार आठवड्यातला काही वेळ शाळेत आणि बाकीचा कारखान्यात घालवतो. त्या पद्धतीच्या पायाचा एक मोठा दगड इथे बसवला गेला.

इंग्लंडनं हे बघितलं आणि १९१८ मध्ये मोठी उडी घ्यायचं ठरवलं. शिक्षणमंत्री होते एच. ए. एल. फिशर, स्वतः इतिहासकार. त्यांच्या कायद्यात अशी तरतूद होती, की चौदा वर्षांच्या पुढच्या, नोकरीला लागलेल्या मुलांना वर्षाला ३२० तास शिक्षण मिळावं, आणि तेही सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या दरम्यान. रात्री नाही, रविवारी नाही, सुट्टीच्या दिवशी नाही. बर्कबेकच्या शनिवार संध्याकाळपासून एकशे अठरा वर्षांनी कायद्याला एकदाचं कळलं, की दमलेल्या माणसाला शिकवता येत नाही. पण युद्धानंतर मंदी आली, १९२२ मध्ये सरकारी खर्चावर मोठी कुऱ्हाड चालली आणि ही योजना कोसळली. रग्बी या एका गावी ती टिकून राहिली. कायदा होता, हेतू होता, तासही लिहिलेले होते. पैसा कुणी द्यायचा, याची व्यवस्था पक्की नव्हती.

मित्रहो, या सगळ्या कामगारांच्या गोष्टी झाल्या. याच काळात दुसऱ्या एका व्यवसायात काय चाललं होतं ते बघा, म्हणजे विरोध ठळक होईल. १८७५ मध्ये कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर या तरुण वैद्यकीय प्राध्यापकानं सहकाऱ्यांचा एक गट जमवला. परदेशी वैद्यकीय नियतकालिकं महाग असायची, ती वर्गणी काढून मागवायची, वाचायची आणि त्यावर चर्चा करायची. यालाच पुढे 'जर्नल क्लब' हे नाव रूढ झालं. आज शिकवणाऱ्या कोणत्याही मोठ्या इस्पितळात बघा, आठवड्याच्या वेळापत्रकात जर्नल क्लब असतो, रुग्णांवर एकत्र चर्चा असते, मृत्यू का झाला याची तपासणी करणारी बैठक असते. आणि ही सगळी ड्यूटीच्या वेळात. डॉक्टर तिथे बसलेला असतो तेव्हा 'तो काम सोडून शिकतोय' असं कुणी म्हणत नाही. शिकणं हे त्याच्या कामातच धरलेलं आहे.

पण त्याच इस्पितळातल्या नर्सचं काय? वॉर्डबॉयचं काय? क्ष-किरण यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं काय? रुग्णाचा जीव यांच्याही हातांत असतो. यांच्या आठवड्याच्या वेळापत्रकात असा तास किती ठिकाणी लिहिलेला असतो? आमच्या मते या विषयातला खरा पेच इथे आहे. एकच कृती, शिकण्याची. प्रतिष्ठा असलेल्या माणसानं केली की तिला काम म्हणायचं, आणि प्रतिष्ठा नसलेल्यानं केली की तिला त्याची हौस म्हणायचं, नाहीतर त्याची स्वतःची जबाबदारी. अधिकार आणि अनध्यायाची जुनी गोष्ट वेष बदलून इथे उभी आहे.

स्वतंत्र भारतानं याकडे दुर्लक्ष केलं, असं नाही. १९५८ मध्ये कामगार शिक्षणासाठी केंद्रीय मंडळ स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्या नागपूरला आलं. योजना मोठी सुरेख होती. कारखान्यातलेच काही कामगार निवडायचे, त्यांना कामातून मोकळं करून शिक्षक म्हणून तयार करायचं, आणि त्यांनी परत जाऊन आपल्या सोबत्यांना शिकवायचं. मग १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. त्यात एक छोटीशी तरतूद आहे, जिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. उमेदवार आपल्या कामासंबंधीच्या वर्गात जो वेळ घालवेल, तो वेळ त्याच्या पगारी कामाचाच भाग मानला जाईल. बघा, किती स्वच्छ वाक्य आहे! शिकणं हे काम आहे, एवढं भारतीय कायद्यानं एका प्रकारच्या कामगाराबाबत मान्य करून टाकलं. प्रश्न इतकाच, की हे फक्त उमेदवारापुरतंच खरं का? उमेदवारी संपून माणूस कायम झाला, की दुसऱ्या दिवसापासून शिकणं हे काम राहत नाही का?

फ्रान्सनं या प्रश्नाला १९७१ मध्ये उत्तर दिलं. झाक देलॉर यांच्या पुढाकारानं १६ जुलै १९७१ रोजी तिथे आजन्म व्यवसाय-शिक्षणाचा कायदा झाला. कामगाराला शिकण्यासाठी रजेचा हक्क मिळाला. शिवाय, दहा किंवा त्याहून अधिक माणसं कामावर असलेल्या प्रत्येक मालकानं एकूण पगाराच्या ठरावीक टक्केवारीइतका खर्च शिक्षणावर केलाच पाहिजे, असं बंधन आलं. सुरुवात ०.८ टक्क्यांपासून झाली. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं पगारी शैक्षणिक रजेचा स्वतंत्र करार मंजूर केला. त्याची व्याख्याच अशी, की ही रजा कामाच्या तासांतली असेल आणि तिच्यात पुरेसा मोबदला मिळेल.

फ्रान्सच्या कायद्यातली टक्केवारी ही नुसती हिशेबाची बाब समजू नका. मालकांची एक भीती फार जुनी आहे. 'मी शिकवायचं आणि शिकून झाल्यावर तो शेजारच्याकडे जायचा.' भीती खोटी नाही. एकटा मालक शिकवतो आणि बाकीचे न शिकवता तयार माणसं उचलतात, तेव्हा शहाणा मालक शिकवणं बंदच करतो. पण सगळ्यांनीच खर्च करायचा असा नियम झाला, की न शिकवणाऱ्याचा फुकटचा फायदा कमी होतो. ज्याचा लाभ सगळ्या धंद्याला, त्याचा भार सगळ्या धंद्यानं उचलायचा. आपल्या गावकीत विहिरीचा गाळ काढायला घरटी एक माणूस यायचा, त्यातला हा प्रकार.

आता आमच्या स्वतःच्या व्यवसायाबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर आम्ही दुसऱ्यांनाच उपदेश केला असं होईल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं महाविद्यालयीन शिक्षकांसाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. चार आठवड्यांचा प्रारंभिक वर्ग, तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. शिक्षक त्या काळात कर्तव्यावर आहे असं मानायचं, पगार चालू. कल्पना उत्तम. आम्ही या वर्गांना विद्यार्थी म्हणून बसलो आणि शिकवायलाही गेलो. काही वर्गांनी माणसं खरंच बदलली. विसाव्या शतकातलं तत्त्वज्ञान ज्यांनी कधी उघडलंच नव्हतं, असे शिक्षक परत जाऊन ते शिकवू लागले. पण हे वर्ग बढतीला जोडले गेले, आणि मग काही ठिकाणी हजेरीपटाचं महत्त्व विषयापेक्षा वाढलं. दुपारच्या सत्रात मागच्या बाकांवर कोण जागं आहे, यापेक्षा सही झाली का, हे विचारलं जाऊ लागलं. डॉक्टरांनाही आपल्याकडे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांत तीस गुण जमवावे लागतात. नियमामागचा हेतू योग्यच आहे, रुग्णाच्या हिताचा आहे. पण गुण मोजता येतात आणि शिकणं मोजता येत नाही, ही अडचण तिथेही राहतेच. १८४४ साली सही करता न येणारा मास्तर पकडता आला. आज सही अगदी झोकदार असते, म्हणून पकडणं अवघड झालंय.

आणि एक नवीनच गोष्ट घडलीय. जी रात्र एकेकाळी मजुराच्या वाट्याला होती, ती आता वरच्या थरातही पोहोचलीय. हिंजवडीतला संगणक अभियंता नवी प्रणाली शिकतो ती घरी, रात्री अकरा वाजता, बाळ झोपल्यावर. बाई असेल तर त्याआधी ओटाही आवरायचा असतो, म्हणजे तिचे अकरा साडेअकराला वाजतात. शिकला नाही तर नोकरी धोक्यात, आणि शिकायचं ते स्वतःच्या वेळात. याला सगळे जण कौतुकानं 'स्वयंप्रेरणा' म्हणतात. प्रेरणा चांगलीच, पण दोनशे वर्षांपूर्वी बर्कबेकच्या कारागिरांनाही ती होती. प्रेरणा कमी पडली नाही. दिवस कमी पडला.

तर मग या इतिहासातून हातात काय येतं? आम्हाला चार प्रश्न सापडले. तुमच्या कार्यालयात, कारखान्यात, शाळेत, इस्पितळात कुणी 'नियमित शिकण्याचा तास' सुरू करत असेल, तर हे चार प्रश्न विचारून बघा. पहिला, हा तास कुणाच्या वेळातून जातोय? हा मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचा धडा. दुसरा, शिकवणाऱ्याला खरंच येतं का, की तोही फुलीचा मास्तर? हा १८३३ चा धडा. तिसरा, जे शिकवलं जातंय त्याचं माणसाच्या रोजच्या कामाशी नातं आहे का? हा म्युनिकचा. आणि चौथा, मंदी आली, काम वाढलं, साहेब बदलले, तरी हा तास टिकेल अशी पैशाची आणि माणसांची व्यवस्था आहे का? हा १९१८ चा. चारांपैकी एकाचं उत्तर जरी 'नाही' आलं, तरी तो तास फार दिवस टिकत नाही. टिकला तर नुसता कागदावर टिकतो.

यात एक पाचवा प्रश्न दडलेला आहे, आणि तो विचारायला जरा धैर्य लागतं. हा तास कुणाकुणाला आहे? साहेबांना आहे आणि शिपायाला नाही, कायम नोकरांना आहे आणि कंत्राटावरच्यांना नाही, असं असेल, तर आपण नवी व्यवस्था आणली नाही. जुनंच पंचांग नव्या भिंतीवर टांगलं.

मोठे कायदे होतील तेव्हा होतील. पण तुमच्यापैकी जे कुणी दहा माणसांचं काम बघतात, त्यांच्या हातात एक गोष्ट आजही आहे. आठवड्यातला एक तास ठरवा. सकाळचा ठरवा, डोकी ताजी असतात तेव्हाचा. तो ड्यूटीच्या तक्त्यावर लिहा, जशी पाळी लिहितात तसा. त्या तासाला फोन कुणी घ्यायचा, खिडकीवर कोण बसायचं, हे आधी ठरवा, आणि ती पाळी दर आठवड्याला बदला, म्हणजे एकाच माणसाचा तास कायम बुडणार नाही. शिकवायला बाहेरचा मोठा माणूसच हवा असं नाही. आपल्यातल्या ज्याला जे उत्तम येतं, त्यानं ते दाखवावं. कामात गेल्या आठवड्यात काय चुकलं, यावर कुणालाही न दटावता बोलावं. आणि काम वाढलं म्हणून पहिल्यांदा हाच तास कापायचा मोह होईल, तेव्हा रग्बी गाव आठवावं. सगळीकडे योजना बुडाली तरी एका गावानं ती चालू ठेवली होती.

लोखंड्यांच्या निवेदनावर साडेपाच हजार जणांनी सह्या केल्या. ते काही परोपकार मागत नव्हते. आपल्याच आयुष्यातला थोडा वेळ परत मागत होते. आपणही शिकण्याचा तास मागू, तेव्हा सवलत म्हणून मागू नये. तो कामाचाच तास आहे असं सांगून मागावा, आणि मिळाल्यावर कामासारखाच नेटानं करावा. फुल्यांनी रात्रशाळा काढली त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. ती शाळा आता दिवसा भरायला हरकत नाही.

इथे आम्ही थांबतो. तुमचे प्रश्न असतील ते घेऊ. आणि ज्यांनी हे रात्री उशिरा ऐकलं, त्यांनी प्रश्न उद्या पाठवले तरी चालतील. आधी झोपा.